आधी एक गाडी सोडायची

स्टँडवर सगळे त्यांना माईकताई म्हणतात. त्यांचं खरं नाव वापरणारे जगात आता दोघंच उरलेत: एक पगाराची स्लिप आणि दुसरा रागावलेला नवरा. स्लिप महिन्यातून एकदा येते. नवरा त्याहूनही कमी वेळा रागावतो, कारण तो घड्याळं दुरुस्त करतो आणि त्या धंद्यात हात थरथरून चालत नाही.

बसस्थानकाच्या बरोबर मधोमध चौकशीची खिडकी आहे आणि खिडकीमागे माईकताईंची खोली. खोली म्हणजे काय, एक टेबल, दोन खुर्च्या, एक माईक, एक लाल बटण, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक आणि उरलेल्या जागेत माईकताई. खिडकीच्या काचेला बोलण्यासाठी जे भोक ठेवलंय, ते बसवणाऱ्याने चांगलं वीतभर खाली पाडलं. त्यामुळे भांडायला आलेल्या माणसालाही आधी वाकावं लागतं. बावीस वर्षांत ती काच तीनदा बदलली, पण भोक जरा वर घ्या, असं माईकताईंनी एकदाही सांगितलं नाही. वाकलेला माणूस कमी ओरडतो, असा त्यांचा अनुभव आहे.

त्यांचा आवाज गावभर ठाऊक आहे. इस्त्री करून घडी घातलेल्या कापडासारखा आवाज. ‘फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी पाच मिनिटांत सुटेल,’ हे वाक्य त्या असं काही बोलतात की धावणारा माणूस चालायला लागतो, आणि चालणाऱ्याला वाटतं, चला, अजून एक चहा होईल. त्यात काहींच्या गाड्या चुकतात, पण त्याचं खापर कोणी आवाजावर फोडत नाही.

आता गंमत अशी, की ह्याच बाईला माहेरी ‘भोंगा’ म्हणत. पाल दिसली की हिची किंकाळी, आणि पालच आधी पळून जायची. दिवे गेले की हिचा सूर लागलाच. शाळेत एकदा बाकावर झुरळ चढलं, तेव्हा ही अशी काही ओरडली की आग लागली समजून शेजारच्या वर्गाने मैदान गाठलं, त्यांना बघून बाकीच्यांनी, आणि पाच मिनिटांत सगळी शाळा उन्हात ओळीने उभी. वर्गात राहिलं ते फक्त झुरळ. लग्नानंतर सासूबाईंनी आठवडाभर सोसलं आणि मग स्वतःसाठी कापसाचे बोळे आणले. एवढं सगळं माहीत असूनही ह्या बाईला माईकसमोर कोणी बसवलं, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर सोपं आहे. नेमणाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आधीची उद्घोषक बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. तीन महिन्यांची बदली हवी होती, आणि अर्ज एकच आला होता.

चौथ्याच दिवशी मूल हरवलं. साडेतीन-चार वर्षांचं. आई खिडकीशी येऊन ऊर बडवायला लागली, आणि तिच्याहून जास्त घाबरलेल्या आमच्या भोंग्याने लाल बटण दाबून टाहो फोडला, “अहो, एक लेकरू हरवलंय हो! बघा हो कोणीतरी! सगळ्यांनी आपापली मुलं सांभाळा!” झालं. चाळीस-पन्नास आया एकदम उठल्या. कोणी सामान टाकलं, कोणी दुसरीचंच मूल काखेत मारलं, दोन बायका एकाच पोराचे दोन हात धरून ओढायला लागल्या. त्या गोंधळात आणखी दोन मुलं हरवली. मूळ हरवलेलं लेकरू मात्र बाकाखाली बिस्किटाच्या पुड्यावर गाल टेकून झोपलेलं सापडलं.

त्या वेळी स्टँडवर एक जुने नियंत्रक होते. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. त्यांनी संध्याकाळी भोंग्याला बोलावलं. ही रडतच आत गेली. नोकरी गेली हे तिने धरूनच चाललं होतं.

“बाई,” साहेब म्हणाले, “मूल हरवलं होतं एक. तुम्ही माईक घेतलात आणि झाली तीन.”

“चुकलं साहेब.”

“चुकलं ते दिसलंच. तुमचा आवाज धावला की माणसं धावतात. आता एक करायचं. हरवलेल्या माणसाची सूचना द्यायची वेळ आली, की आधी एक गाडी सोडायची.”

“कुठली गाडी?”

“कुठलीही. जी सुटणार असेल ती. रोजचं वाक्य बोला. फलाट अमुक, गाडी तमुक. जीभ रोजच्या रस्त्याला लागते. मग त्याच रस्त्याने पुढचं बोला.”

“आणि समोर उभे असलेले नातेवाईक मला शिव्या देतील त्याचं काय?”

“देतील की. शिव्या देणारा माणूस निदान एका जागी तरी उभा असतो.”

मोठे साहेब पुढे निवृत्त झाले, आधीची उद्घोषक बाळात रमली ती परत आलीच नाही, आणि तीन महिन्यांची बदली बावीस वर्षं टिकली. एवढ्या काळात माईकताईंच्या खिडकीशी किती प्रकारची माणसं कोसळून गेली, याची मोजदाद नाही. मूल हरवलेले बाप, गाडी चुकलेले नवरदेव, पाकीट मारलं गेलेले, परीक्षेचं ओळखपत्र घरी राहिलेले, आणि एकदा तर चुकीच्या गावी उतरून ‘माझं घर कुठे गेलं’ म्हणून भांडणारा एक गृहस्थ. माईकताई एकालाही ‘काळजी करू नका’ म्हणत नाहीत. ते ऐकून आजवर एकाही माणसाने काळजी करायची थांबवलेली नाही, उलट ‘तुम्हाला काय जातंय सांगायला’ म्हणून तो आणखी पेटतो. त्या फक्त पुढे काय करणार ते सांगतात. आता मी हे करते. मग ते करते. तोवर तुम्ही इथे बसून एवढं करा.

हरवलेल्या माणसाचे कपडे तर त्या चुकूनही विचारत नाहीत. घाबरलेला माणूस अंगावरचे कपडे सांगत नाही, डोळ्यांसमोरचे सांगतो. लेकरू लाल सदऱ्यात हरवतं आणि आई सांगते पिवळा, कारण पिवळ्यात ते गोड दिसतं. माईकताई विचारतात, चालतं कसं, थांबतं कुठे, कशापुढे रेंगाळतं.

आणि त्यांच्यातल्या भोंग्याचं काय झालं? तो कुठे जातोय! तो आहेच. स्थानकाच्या मागच्या अंगाला गाड्या धुण्याची शेड आहे. तिथे ते मोठे फिरते ब्रश सुरू झाले की शेजाऱ्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. एखादा वाईट दिवस गेला, की ड्युटी संपल्यावर माईकताई पर्स काखेत अडकवून त्या शेडच्या मागे जातात, ब्रश सुरू व्हायची वाट बघतात आणि पोटातून एक सणसणीत किंकाळी फोडतात. मग केस नीट करतात आणि घरी जातात. धुणाऱ्या माणसाला हे माहीत आहे. तो त्यांना येताना पाहिलं की गाडी स्वच्छ असली तरी एकदा ब्रश फिरवतो. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, “घाबरत नाहीस का गं तिथे?” तर म्हणाल्या, “घाबरते की. पण वेळापत्रकाप्रमाणे.”

तर तो गुरुवार होता. सव्वाचार झाले होते. खिडकीच्या काचेवर कोणीतरी तळहाताने धाडधाड मारायला लागलं.

बाहेर एक सत्तरी ओलांडलेले आजोबा. अंगात राखाडी कोट, एक खांदा दुसऱ्याहून खाली उतरलेला. ते बोलत होते, पण भोकाच्या वीतभर वरून, त्यामुळे आत नुसतेच ओठ दिसत होते. वाकायला सांगावं तर खांद्याची ती अवस्था. माईकताईंनी उठून बाजूचं दार उघडलं आणि त्यांना आत घेतलं.

“माझी बायको,” आजोबा म्हणाले. “उंची पाच फूट एक इंच. वजन बावन्न किलो. डाव्या भुवईच्या वर तीन मिलिमीटरचा तीळ.”

“मोजणी खात्यात होतात का?”

“छत्तीस वर्षं! ते कशाला आत्ता? अहो, पाणी आणायला अठरा पावलं गेलो, अठरा पावलं परत आलो. बाक रिकामा! तिला काही आठवत नाही हो. दोन वर्षं झाली. कधी माझं नाव आठवतं, कधी मलाच विचारते, आपण कोण? दर गुरुवारी मी खांद्याला शेक घ्यायला दवाखान्यात येतो, तिला घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून बरोबर आणतो. दोन वर्षांत हात सोडला नव्हता. आज बाटली भरायला सोडला.”

“कुठे जातात त्या, सुटल्या की?”

“रिकामी जागा दिसली की बसते. कुठल्याही गाडीत बसेल. ती चार चाळीसची...” आजोबांनी बाहेरच्या फलाटाकडे बोट दाखवलं.

चार चाळीसची गाडी म्हणजे सात तासांचा प्रवास, मध्ये एकच थांबा, तोही जंगलातल्या एका ढाब्यावर. माईकताईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग माईक जवळ ओढला, बटण दाबलं आणि शांतपणे म्हणाल्या, “फलाट क्रमांक दोनवर उभी असलेली, कारखान्याकडे जाणारी, बारा क्रमांकाची गाडी सुटत आहे.”

आजोबांचा आधी कानांवर विश्वास बसला नाही. मग ते असे उसळले की टेबलावरचा ग्लास लवंडला.

“माझी बायको हरवलीय आणि तुम्ही गाड्या सोडताय? माणूस आहात की यंत्र? साहेब कोण आहे तुमचा? बोलवा त्याला!”

“बोलावते हं,” माईकताई म्हणाल्या आणि पुन्हा बटण दाबलं. “सर्व चालक आणि वाहकांना सूचना. गाडी सोडण्यापूर्वी वाहकांनी शेवटच्या आसनापर्यंत जाऊन पाहावं. एकट्या बसलेल्या आजी आढळल्यास गाडी सोडू नये आणि चौकशी खिडकीत कळवावं.” बटण सोडून त्या आजोबांकडे वळल्या. “आता सगळ्या गाड्या तपासल्याशिवाय हलणार नाहीत. आता मी दोन्ही फाटकांवर निरोप देते. तोवर तुम्ही ह्या खुर्चीत बसा. इथून बाहेर पडायचा रस्ता दिसतो. जी गाडी बाहेर जाईल तिचा नंबर आणि वेळ ह्या कागदावर लिहा.”

“मी लिहू?”

“मोजणीवाल्याशिवाय कोण लिहिणार? माझ्याकडून एखादी निसटेल.”

आजोबा बसले. पेन्सिल हातात आल्यावर त्यांच्या बोटांना काहीतरी जुनं आठवलं. पहिल्या गाडीचा नंबर त्यांनी असा कोरून लिहिला की सरकारी नकाशावर चालला असता. पुढे वेळ टाकली, सेकंदासकट.

इथवर सगळं ठीक होतं. पण चार पंचवीस झाले, तीस झाले, फाटकावरून ‘नाही’ असा निरोप आला. आजोबांचा धीर पुन्हा सुटला. “स्वेटर सांगा ना तुम्ही! निळा स्वेटर आहे तिच्या अंगात! मी स्वतः आणलाय तो. हे सांगितल्याशिवाय लोकांना कळणार कसं?”

“आजोबा, रंगाचा घोटाळा होतो.”

“छत्तीस वर्षं मी एका इंचाचा घोटाळा केला नाही!” आणि एवढं बोलून ते रडायलाच लागले. उतरलेला खांदा नुसता हलत होता.

माईकताईंना नियम पाठ होता. पण समोर एवढा नेमका माणूस रडत असला की नियमाला गुंडाळून ठेवावंसं वाटतं. त्यांनी बटण दाबलं आणि सूचनेत घातलं, “निळ्या स्वेटरमधल्या आजी.”

चार मिनिटांत दार उघडलं. दोन हमाल, दोन्ही बाजूंनी दंडाला धरून एका निळ्या स्वेटरमधल्या बाईंना जवळजवळ तरंगवत आत घेऊन आले.

“सापडल्या!” पहिला हमाल म्हणाला. “लपून बसल्या होत्या.”

“लपून कसली, चपलेचा पट्टा लावत होते! सोडा मला, मेल्यांनो!” बाईंनी दोघांचे हात झटकले. “मी हरवलेली नाही! मी चार पंचावन्नची वाट बघत होते. चांगली खिडकीजवळची जागा हेरून ठेवली होती.”

“हरवलेली माणसं असंच म्हणतात,” दुसरा हमाल समजूतदारपणे म्हणाला. “मावशी, स्वेटर निळा आहे ना तुमचा?”

“अरे, म्हणून काय गावातल्या सगळ्या निळ्या स्वेटरवाल्या उचलून आणणार का? अजून तीन दिसल्या मला बाहेर. जा, भरून आणा टेम्पो!”

आजोबा खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांनी त्या बाईंकडे पाहिलं आणि तसेच हळूहळू खाली बसले. पेन्सिल हातातून सुटून टेबलाखाली गेली. हमाल जीभ चावून दाराआड झाले.

माईकताईंच्या घशाशी भोंगा आला. अगदी आला. घड्याळात चार पस्तीस. चार चाळीसच्या गाडीचं इंजिन सुरू झालेलं ऐकू येत होतं. गेली चार मिनिटं अख्खं स्टँड निळा रंग शोधत होतं, आणि त्याच्या शेजारून त्या आजी खुशाल कुठेही गेल्या असतील. दोष कोणाचा? नियम कोणी मोडला? मग त्यांनी बटण दाबलं.

“फलाट क्रमांक एकवर उभी असलेली, बंदराकडे जाणारी, तीस क्रमांकाची गाडी सुटत आहे.”

ह्या वेळी आजोबा उसळले नाहीत. ही गाडी कोणासाठी सोडली ते त्यांनाही कळलं असावं.

“मघाच्या सूचनेत दुरुस्ती,” माईकताईंचा आवाज पुन्हा घडीवर आला होता. “आजींच्या स्वेटरच्या रंगाकडे लक्ष देऊ नये. रंग चुकीचा सांगितला गेला, ती चूक माझी. चार चाळीसच्या गाडीच्या वाहकाने पुन्हा एकदा गाडी पाहून घ्यावी.”

खिडकीतून दिसलं, वाहक दारातून आत गेला, टोकापर्यंत जाऊन आला आणि हात हलवून ‘नाही’ म्हणाला. एक भीती तरी टळली.

निळ्या स्वेटरवाल्या बाई खरं तर केव्हाच जायला मोकळ्या होत्या. पण त्या गेल्या नाहीत. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि आजोबांपुढे धरला. “घ्या. रिकाम्या पोटी रडलं की पित्त होतं.”

आजोबांनी निमूटपणे बिस्किट घेतलं. हातातच धरून ठेवलं.

“आजोबा,” माईकताईंनी विचारलं, “घरी त्यांचे हात कशात असतात? नुसत्या बसल्या असल्या की काय करतात?”

“लावते.”

“काय लावते?”

“सगळंच लावते. चमचे उंचीप्रमाणे. माझे मोजे. कपाटातल्या गोळ्यासुद्धा रंगाप्रमाणे लावून ठेवल्या एकदा, मला तीन दिवस रक्तदाबाची कुठली ते कळेना. चाळीस वर्षं वाचनालयात होती ती. नंबराप्रमाणे पुस्तकं...”

एवढ्यात दार आपटलं आणि एक ड्रायव्हर आत घुसला. स्टँडवर ह्याला ‘तिखट’ म्हणतात, आणि तेही तो लांब असताना.

“ताई, हे काय चाललंय? माझ्या गाडीची पाटी कोणी हलवली?”

आता अशा वेळी कोणीही म्हटलं असतं, बाबा रे, इथे जीव टांगणीला लागलाय आणि तुला पाटीचं पडलंय, हो बाहेर. निळ्या स्वेटरवाल्या बाईंनी तर तोंड उघडलंसुद्धा होतं. पण माईकताईंना बावीस वर्षांची सवय. समोर आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं त्या शेवटपर्यंत ऐकतात.

“कुठे होती पाटी?”

“जिथे असते तिथे! पाण्याच्या टाकीमागे, उलटी करून. मला डोळे मिटून सापडते. आज नाही! वीस मिनिटं शोधतोय. आणि सापडली कुठे, माहितीय? पाट्यांच्या खोलीत, खणात! सत्तावीसच्या खणात! सव्वीस आणि अठ्ठावीसच्या मधोमध!”

“म्हणजे जागेवर.”

“जागेवर म्हणजे? बारा वर्षांत पाटी कधी खणात पाहिलीय तुम्ही? सगळ्या पोरांच्या पाट्या गायब. कोणाची सीटखाली असते, कोणाची कँटीनच्या पंख्यामागे. सगळ्या उचलून कोणीतरी ओळीने लावून ठेवल्यात. हा काय चावटपणा आहे?”

“तिथे कोण होतं?”

“एक म्हातारी बाई. मला वाटलं, ऑफिसने कोणी नवीन नेमलीय. मी जरा मोठ्याने विचारलं, तर मलाच म्हणाली, हळू बोला.” त्याला ते अजून पचलेलं नव्हतं. “आणि मी हळू बोललोसुद्धा.”

माईकताई तोवर दारात पोचल्या होत्या, आणि त्यांच्यामागे आजोबा आणि निळ्या स्वेटरवाल्या बाई.

पाट्यांची खोली सहा नंबरच्या फलाटाला लागून आहे. पत्र्याच्या लांबट पाट्या, गाडीच्या पुढच्या काचेत अडकवायच्या. त्यांच्यासाठी भिंतभर लाकडी खण केलेले, प्रत्येक खणावर नंबर. पण आपली पाटी दुसऱ्याने पळवू नये म्हणून जो तो ती लपवून ठेवायचा, त्यामुळे ते खण बारा वर्षं रिकामेच होते, फार तर कोणाचा डबा, कोणाची छत्री. आज त्यांत पाट्या होत्या. आणि त्यांच्यापुढे, जमिनीवरच्या ढिगाऱ्यातून एकेक पाटी उचलून बाहीने पुसत, आजी उभ्या होत्या. उंची बरोबर पाच फूट एक इंच. स्वेटर मोहरीच्या रंगाचा.

“अगं!” आजोबांचा हंबरडाच बाहेर पडणार होता. माईकताईंनी त्यांचा चांगला हात कोपराशी धरला.

“धावू नका. ओरडू नका. त्यांना वाटेल काहीतरी बिघडलंय. त्यांच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही. जा आणि पुढची पाटी हातात द्या.”

आजोबांनी मान हलवली. मग पुढे झाले, वाकले, एक पाटी उचलली.

“एकेचाळीस,” ते म्हणाले. आवाज अर्धा फाटलेला.

“वरचा कप्पा, उजवीकडून तिसरा,” आजी वळूनही न बघता म्हणाल्या. मग वळल्या. नवऱ्याला नखशिखान्त पाहिलं. “आज उशीर केलात यायला. केव्हाची एकटीच लावतेय.”

“हो. चुकलं.”

“खांदा दुखतोय का?”

“नाही,” आजोबा म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिने हे विचारलं म्हणून असेल, त्यांना पुढची पाटी दिसेना. निळ्या स्वेटरवाल्या बाईंनी ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि वर म्हणाल्या, “अहो, मोजणीवाले! हा निळा आहे होय?”

“निळा धुवायला टाकलाय,” आजोबा पुटपुटले. “सकाळी मीच हा घातला तिला.”

त्या संध्याकाळी नऊ गाड्या उशिरा सुटल्या. स्थानक बांधल्यापासून पहिल्यांदाच इतक्या पाट्या जागेवर होत्या, त्यामुळे एकाही ड्रायव्हरला सापडत नव्हत्या. जो तो टाकीमागे, पंख्यामागे शोधून दमला. माईकताईंनी ‘तांत्रिक कारणामुळे’ अशी घोषणा केली आणि ती करताना, बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्या आवाजाची घडी हसण्याने थोडी विस्कटली.

चार पंचावन्नची गाडी तेवढी वेळेवर गेली. तिची पाटी आजींच्या हातात अजून यायचीच होती. ती गाडी आजी-आजोबांची होती आणि निळ्या स्वेटरवाल्यांचीही, आणि तिघांचीही ती चुकली. पुढची सहा दहाला. आजोबांनी आधी कपाळाला हात लावला, कारण सव्वा तास स्टँडवर काढायचा म्हणजे त्यांच्या लेखी सव्वा तास मनगट धरून बसणं. पण आजी खणांपुढून हलायला तयार नव्हत्या, आणि दारात निळ्या स्वेटरवाल्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. कँटीनमधून कोणी चहा आणून दिला. आजोबांनी कपाला हात लावला आणि एकदम म्हणाले, “गरम आहे.”

“मग? चहा कसा असतो?” बाई म्हणाल्या.

“नाही, म्हणजे... दोन वर्षांत गरम असताना कधी प्यायलो नाही.”

सहा दहाला माईकताईंनी त्यांची गाडी सोडली. चढताना आजी कंडक्टरला सांगत होत्या, अर्धं काम राहिलंय, येऊन करते.

आणि त्या येतात. दर गुरुवारी खांद्याचा शेक झाला की आजोबा मुद्दाम चार पंचावन्नची गाडी जाऊ देतात. आजी पाट्यांच्या खोलीत, आजोबा दाराशी वर्तमानपत्र आणि चहा घेऊन. माईकताई खिडकीतून मधून मधून नजर टाकतात. सुरुवातीला आजोबा मिनिटा-मिनिटाला मान वळवून बघायचे, आता एक अख्खं पान वाचून होतं. एकदा तर ते बसल्या बसल्या झोपले, आणि आजींनी येऊन त्यांचं वर्तमानपत्र घडी घालून तारखेप्रमाणे लावून ठेवलं.

ड्रायव्हर मंडळी अर्थात कुरकुरतात. सगळ्यात जास्त तिखट. शुक्रवारी सकाळी त्याची बडबड सबंध फलाट ऐकतो: पाटी सापडत नाही, ह्या स्टँडवर माणसाने काम करायचं की लपंडाव खेळायचा. पण मध्ये एक आठवडा असा आला की एका नवीन नियंत्रकाने सगळ्यांना दम भरला, आणि आठवडाभर पाट्या खणातच राहिल्या. बुधवारी संध्याकाळी माईकताई घरी निघाल्या, तर पाट्यांच्या खोलीत दिवा. आत तिखट. खणातल्या पाट्या बाहेर काढून जमिनीवर पसरत होता. आडव्या, उलट्या, एकेचाळीसवर सात, सातवर तीस.

“काय रे, काय करतोयस?”

तिखट दचकला. मग त्याने भुवया नेहमीसारख्या जवळ आणल्या.

“काही नाही. माझी पाटी शोधतोय.”

“ती तुझ्या काखेत आहे.”

त्याने काखेत पाहिलं. सत्तावीसची पाटी होती खरी. त्याने ती काढली, क्षणभर विचार केला आणि ढिगाऱ्याच्या अगदी तळाशी सरकवून दिली.

“उद्या गुरुवार आहे, ताई,” तो म्हणाला. “म्हातारी येईल आणि करायला काहीच नसेल, तर बसेल का जागेवर? जा तुम्ही. आणि ओरडू नका माझ्यावर.”

माईकताई ओरडल्या नाहीत. पर्स खाली ठेवली आणि वरच्या कप्प्यात राहून गेलेल्या चार पाट्या काढून त्याच्याकडे दिल्या.